'लाइक' दिसलं की सिमिली

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाचा एक प्रश्न असतो. शीर्षक, कवी, यमकरचना, एखादा अलंकार, मध्यवर्ती कल्पना असे मुद्दे दिलेले असतात आणि त्यांचा परिच्छेद करायचा असतो. त्यातला अलंकाराचा मुद्दा मुलांचा सगळ्यात लाडका, कारण तिथे डोकं चालवावं लागत नाही. ओळीत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली. झाड बोललं की पर्सॉनिफिकेशन. शब्द पुन्हा आला की रिपिटिशन. एकाच अक्षराने दोन शब्द सुरू झाले की अलिटरेशन. मी रायगड जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. हा मंत्र मला वह्यांच्या मागच्या पानांवर, तळहातांवर आणि एकदा बाकावर करकटकाने कोरलेलाही सापडलाय.

या मंत्राची टिंगल करणं सोपं आहे आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरातली माणसं ती हौसेने करतात. ज्या मुलीच्या घरात इंग्रजीचं पुस्तक म्हणजे फक्त शाळेचं पुस्तक, तिला हा एक गुण हमखास मिळतो. निबंधात तिची स्पेलिंग चुकतील, पत्रात काळ चुकेल, पण सिमिली चुकणार नाही. हा गुण तिच्या हातून काढून घ्या आणि बदल्यात 'कवितेचा आनंद' द्या, असं म्हणायला मी तयार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नाव सांगून झालं की उत्तर संपतं. ती सिमिली तिथे काय करतेय, हे कुणी विचारत नाही. आणि विचारायची संधी जिथे सगळ्यात मोठी असते, नेमकी तिथेच मुलं गप्प होतात.

निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' घ्या. भारतात शाळा-कॉलेजात सर्रास शिकवली जाणारी ही कविता 1965च्या 'द एक्झॅक्ट नेम' या संग्रहात आली. गोष्ट साधी आहे. दहा तास संततधार पाऊस पडतोय, त्यामुळे एक विंचू घरात शिरतो, तांदळाच्या पोत्याखाली दडतो, आईला डसतो आणि पुन्हा पावसात निघून जातो. गावकरी कंदील आणि मेणबत्त्या घेऊन जमतात, देवाचं नाव घेतात, विंचू शोधतात, आईसाठी गाऱ्हाणी घालतात. एरवी चिकित्सक असलेले वडील मंत्रापासून काढ्यापर्यंत सगळं करून बघतात, शेवटी आईच्या पायाच्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. वीस तासांनी विष उतरतं. मग आई एकच वाक्य बोलते: बरं झालं, विंचवाने मला धरलं, माझ्या पोरांना सोडलं.

कोकणातल्या वर्गात ही कविता शिकवताना एक सोय असते. विंचू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. लाल विंचवाच्या दंशाने इथे माणसं मरत होती, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, त्यांचं संशोधन 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, हे इथल्या घरांत ठाऊक असतं. त्यामुळे माझ्या वर्गात विंचू आधी विंचू असतो. प्रतीक वगैरे झालाच तर नंतर.

कवितेच्या सुरुवातीलाच गावकरी येतात, आणि कवी त्यांना माश्यांच्या थव्यांची उपमा देतो. सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "सिमिली!" एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला नाही. त्याने विचारलं, "मॅडम, मदतीला आलेल्या माणसांना माश्या कशाला म्हणायचं?"

मी शिकवायला लागल्यापासून अलंकारावर विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. रसग्रहणाच्या प्रश्नात त्याला जागा नाही. 'लाइक' हा शब्द वापरल्यामुळे सिमिली, एवढं लिहिलं की गुण मिळतो. ज्या मुलाला त्या उपमेत आपल्या माणसांचा अपमान ऐकू आला, त्याला आणि ज्याला काहीच ऐकू आलं नाही त्याला, दोघांनाही तेवढाच.

तेव्हापासून माझा एक सोपा खेळ सुरू झाला. उपमान काढायचं आणि त्या जागी दुसरं ठेवून बघायचं. माश्यांच्या जागी मुंग्या ठेवल्या तर? मुलं म्हणाली, मुंग्या रांगेत येतात, आवाज करत नाहीत, आणि काहीतरी उचलून नेतात. कावळे? मग आई मेलेलीच वाटते. मधमाश्या? त्या चावतील, म्हणजे दुसरा विंचूच. वारकरी? इथे वर्ग हसला, पण एक मुलगी म्हणाली, वारकरी बोलावल्याशिवाय येत नाहीत. बरोबर की चूक ते सोडा, तिने विचार केला होता. माश्या मात्र न बोलावता येतात. जखम असेल तिथे येतात. त्यांच्या भुणभुणीला अर्थ नसतो, पण ती थांबत नाही. आणि कवीने नेमकं तेच पुढे नेलंय: त्यांचं नामस्मरणही त्याला गुणगुणीसारखं ऐकू येतं. उपमा दिसण्यावर नाही, आवाजावर बेतलेली आहे. हे एकदा कळलं की 'लाइक' हा शब्द शोधायची गरजच उरत नाही.

पण अपमान आहे का? आहे, असं माझं मत आहे. शहरात वाढलेल्या, शिकलेल्या मुलाचा कान त्या उपमेत आहे. फक्त कविता तिथे थांबत नाही. तीच माणसं पुढे आईच्या भोवती बसतात, आणि कवी त्यांच्या चेहऱ्यांवर एक शांत समजूत पाहतो. माश्या आता नाहीत. उपमा मागे पडते, माणसं उरतात. एकाच कवितेत कवीची नजर हललेली आहे, आणि ती हलली हे दाखवायला सुरुवातीची ती बोचरी उपमा लागतेच. मागच्या बाकावरच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग नंतर माफी मागितली म्हणायची." मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही, पण यापेक्षा नेमकं रसग्रहण मला कुठल्या गाइडात वाचायला मिळालेलं नाही.

आता मराठीचा तास. माझ्या मुलांना तिसऱ्या तासाला उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अनन्वय, अपन्हुती शिकवतात आणि पाचव्या तासाला मी सिमिली, मेटाफर. मधल्या सुट्टीत जणू कुणीतरी भिंत बांधतं. मुलांना वाटतं हे दोन वेगळे विषय आहेत, भूगोल आणि भूमितीसारखे. खरं तर मराठीची यादी काही ठिकाणी जास्त बारीक आहे. 'सारखा' असेल तर उपमा, 'जणू' असेल तर उत्प्रेक्षा. एकात आपण दोन वस्तू शेजारी ठेवतो, दुसरीत एक वस्तू दुसरीच आहे की काय अशी शंका घेतो. इंग्रजीच्या शालेय यादीत 'ॲज इफ'ही मुकाट्याने सिमिलीच्या पोटात जातं. एखादं मूल 'ॲज इफ'ला उत्प्रेक्षा म्हणालं, तर ते चुकलेलं नाही, त्याच्याकडे एक खण जास्त आहे. अपन्हुतीला तर इंग्रजी शाळेच्या यादीत नावच नाही: हे ओठ नाहीत, ही पोवळी आहेत, असं मूळ वस्तूलाच नाकारणं. मीम्समध्ये हे रोज चालतं. परीक्षेच्या निकालाचा फोटो टाकून 'हा निकाल नाही, घरचं लोकेशन बंद करायची नोटीस आहे' असं लिहिणाऱ्या पोराला अपन्हुती येते, फक्त तिचं नाव येत नाही.

उलट काही ठिकाणी मराठी कान आड येतो. इन्व्हर्जन हा अलंकार माझ्या मुलांना कधीच दिसत नाही, कारण शब्दांचा क्रम उलटला तर काही घडलंय असं त्यांना वाटतच नाही. 'पाऊस आला', 'आला पाऊस', दोन्ही चालतं, दुसऱ्यात फक्त जरा लय आहे. इंग्रजीत क्रम हाच व्याकरणाचा कणा, म्हणून तो मोडला की आवाज होतो. हे सांगितल्याशिवाय इन्व्हर्जनची व्याख्या पाठ करून काहीही उपयोग नाही.

अलिटरेशनमध्ये तर गंमतच आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार जवळजवळ एकच, म्हणून मराठी अनुप्रास डोळ्यांनीही सापडतो. तीच सवय इंग्रजीला लावली की 'सिटी' आणि 'कॅट' दोघांनाही 'सी' आहे म्हणून मुलं खूण करतात. 'नी' म्हणजे गुडघा आणि 'किंग' या दोघांनाही 'के' आहे म्हणून करतात. 'फोन' आणि 'फायर' मात्र सोडून देतात, कारण अक्षरं वेगळी. यावर माझा उपाय सोपा आहे, आणि इंग्रजीच्या वर्गात मराठी आणल्याबद्दल कुणी नाक मुरडलं तरी चालेल: ओळ देवनागरीत लिहून काढा. अनुप्रास आपोआप उघडा पडतो. इंग्रजी कवितेतला नाद ऐकण्यासाठी देवनागरी हे फार चांगलं यंत्र आहे.

हे अलंकार ओळखायचं प्रकरण नेहमीच असं नव्हतं. सोळाव्या शतकात युरोपातल्या शाळांत पोरांना अलंकार शिकवायचे ते वापरण्यासाठी. इरॅस्मसच्या 1512च्या 'दे कोपिया' या पुस्तकात 'तुमचं पत्र मिळून मला फार आनंद झाला' अशा अर्थाचं एकच लॅटिन वाक्य शंभराहून अधिक प्रकारे फिरवून दाखवलंय. अलंकार म्हणजे ते फिरवायच्या चाव्या. शेक्सपिअरच्या काळातली शाळकरी पोरं अशाच तालमीतून गेली. 1589मध्ये जॉर्ज पटनमने इंग्रजी कवितेवर पुस्तक लिहिलं, तेव्हा ग्रीक नावं जड वाटतील म्हणून त्याने अलंकारांना घरगुती नावं ठेवली. आयर्नी म्हणजे 'ड्राय मॉक', कोरडी थट्टा. हायपरबोली म्हणजे मर्यादेबाहेर हात घालणारा, किंवा मोठ्याने खोटं बोलणारा. माझ्या आठवीने यावर आपली नावं ठेवली. हायपरबोलीला 'फेकू', रिपिटिशनला 'रिंगटोन', आयर्नीला 'सासूबाई'. शेवटचं नाव कुणी सुचवलं ते मी सांगणार नाही, पण त्या वर्षी आयर्नी कुणाचीच चुकली नाही. नावाला माझा विरोध नाही. मेकॅनिकला पाना आणि पकड यांतला फरक माहीत हवाच. पण पान्याचं नाव सांगितलं म्हणून कुणी त्याला गाडी सोपवत नाही.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक'मध्ये अलंकाराला एक कसोटी लावली: रसाच्या ओघात, वेगळी खटपट न करता जो घडून येतो तो खरा. वेगळा काढून, चिमट्यात धरून, नाव लावून दाखवायचा अलंकार त्याच्या लेखी दुय्यमच ठरला असता. आपली रसग्रहणाची पद्धत मात्र चिमट्यावर चालते. नाव 'रसग्रहण' आणि पद्धत पंचनाम्याची.

पुन्हा विंचवाकडे येते, कारण या कवितेत एक गोष्ट अशी आहे जी मराठी मुलांनाच सगळ्यात आधी दिसू शकते, आणि तीच त्यांना विचारली जात नाही. एकनाथांचं विंचवाचं भारूड त्यांनी ऐकलेलं असतं, शाहिरांच्या आवाजात, गणपतीत, गॅदरिंगला. त्यात विंचू हा विंचू नाहीच. तो काम आणि क्रोध आहे, आणि त्याच्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. सोळाव्या शतकातलं हे अस्सल रूपक, आणि तेही हसवत हसवत, ठणाणा करत सांगितलेलं. इझिकेलच्या कवितेत कवी विंचवाचं रूपक करत नाही. त्याचा विंचू पावसाने हैराण झालेला साधा प्राणी आहे. रूपक करतात ते गावकरी. त्यांच्यासाठी तो सैतान आहे. मागच्या जन्मीचं पाप या वेदनेत जळून जावो, पुढच्या जन्मीचं संकट कमी होवो, या विषाने देहातली वासना आणि मनातली हाव धुऊन निघो, असं ते म्हणत राहतात.

नीट बघा. नाथांकडे वासना हेच विष आहे. इझिकेलच्या गावकऱ्यांकडे विष हे वासनेवरचं औषध आहे. तीच दोन टोकं, तोच विंचू, आणि रूपक बरोबर उलटं फिरलेलं. हे मी वर्गात फळ्यावर दोन बाण काढून दाखवते तेव्हा मुलं पहिल्यांदा गप्प होतात आणि मग सगळी एकदम बोलायला लागतात. एक जण म्हणतो, भारुडात कुणाला खरंच चावलेलं नाही म्हणून मजा करता येते. दुसरी म्हणते, खरंच चावल्यावर माणसाला काहीतरी कारण हवं असतं, नाहीतर इतकं दुखणं फुकट जाईल. नववीतली ही मुलगी रूपक कशासाठी असतं ते सांगत होती. माणसं घाबरली की रूपकं करतात. दुखण्याला नुसतं दुखणं राहू देत नाहीत. 'मेटाफर इज ॲन इम्प्लाइड कम्पॅरिझन' ही व्याख्या तिच्या वहीत आहेच, सुवाच्य अक्षरात. ती चुकीची नाही, पण तिच्यात ही घाबरलेली माणसं नाहीत.

यात इझिकेल कोण, हेही सांगायला हवं, आणि रायगडात तर हवंच. 1924 साली मुंबईत जन्मलेला हा कवी बेने इस्रायली. म्हणजे त्या समाजातला, जो कोकणच्या या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिला, शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून 'शनिवार तेली' म्हणवला गेला, आडनावांना 'कर' लावत आला आणि मराठी बोलत आला. इझिकेलने कविता इंग्रजीत लिहिली, पण इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात वृंदा नाबर यांच्यासोबत त्याचाही हात आहे. त्याने भारूड ऐकलं होतं म्हणून कविता तशी झाली, असा दावा मी करत नाही. पण ज्या किनाऱ्यावरून त्याची माणसं आली, तिथल्या मुलांनी ही कविता 'इंग्लिश पोएम' म्हणून परक्यासारखी वाचावी, दाराबाहेर चपला काढून, हे मला खटकतं.

शेवटचं आईचं वाक्य. कवितेत ते वेगळं, स्वतंत्र कडव्यात उभं आहे. आधीच्या सगळ्या कल्लोळात उपमा आहेत, पुनरावृत्ती आहे, अनुप्रास आहे, भिंतीवर कंदिलाच्या उजेडात पडलेल्या राक्षसी सावल्या आहेत. आई मात्र घरात बोलतात तसं बोलते. यादीतलं कुठलंही ठसठशीत नाव तिच्या वाक्याला पटकन चिकटत नाही, म्हणून रसग्रहणात अलंकारासाठी कुणी ते निवडत नाही. ज्या वाक्यासाठी सगळी कविता लिहिली गेली असावी, ते मुलांच्या उत्तरात मध्यवर्ती कल्पना म्हणून येतं. मातृप्रेम, पूर्णविराम.

यंदा मी दहावीला मुद्दाम विचारलं, या वाक्यात अलंकार आहे का? बहुतेकांनी नाही म्हटलं. मग एका मुलीने हात वर केला. "विंचवाने मला निवडलं आणि पोरांना सोडलं, असं ती म्हणतेय. विंचू निवडतो का? मग चेतनगुणोक्ती झाली." वर्ग दोन तुकड्यांत फुटला. एका बाजूचं म्हणणं, ही तर नुसती बोलायची रीत, आमची आजीही म्हणते, तापाने धरलं, थंडीने सोडलं, त्यात अलंकार कसला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, तोच तर मुद्दा आहे. गावकऱ्यांनी विंचवाचा सैतान केला, वडिलांनी विंचवाची केस केली, आणि आईने त्याला थोडीशी दया दिली, पोरांना सोडण्याइतकी. तिला तशी गरज होती.

वाद पुढच्या तासाला गेला, मराठीच्या बाईंपर्यंत पोचला. त्यांनी उलट विचारलं की, वाक्प्रचार झिजून गुळगुळीत झाला की त्यातला अलंकार मेला म्हणायचा का? त्यावर दोन्ही तासांना तीन दिवस भांडण चाललं. घटक चाचणीत मी तोच प्रश्न टाकला: आईच्या शेवटच्या वाक्यात अलंकार आहे का, असल्यास तो काय करतो, नसल्यास कवीने तो का टाळला असेल? नावाला एक गुण ठेवला होता, उरलेले तीन कारणाला. चौदा जणांनी 'नाही' लिहिलं, एकोणीस जणांनी 'आहे'. मागच्या बाकावरून एक उत्तर असं आलं की, अलंकार आहे, पण आईला माहीत नाही.